दगडू हवालदारांची तिबेटी तलवार

आमच्या भूमच्या उन्हात अंगावर सदरा नकोसा होतो, आणि शेजारच्या दगडू हवालदारांकडे अकरा लोकरी स्वेटर होते. एकही कधी घातलेला नाही. दर हिवाळ्यात ते एसटीनं सोलापूरला जात, तिबेटी स्वेटरवाल्यांकडून एक विकत घेत आणि विचारत, "नोर्बूला वळखता का?" नोर्बू हा तिबेटी माणूस लडाखात त्यांच्या पलटणीला वाट दाखवायचा. पुढं गाठ पडली नव्हती.

बाराव्या वर्षी स्वेटर आला नाही, तलवार आली. सोलापुरात नोर्बूची मुलगी डोल्मा भेटली होती. बाप वारला होता, आणि त्याच्या गावच्या लोहारानं हातानं घडवलेली तलवार गंजून म्यानात अडकली होती. हवालदारांनी पलटणीत बंदुका दुरुस्त केलेल्या. "आन इकडं," म्हणाले आणि घेऊनच आले.

त्या साली दुष्काळ होता. रेशनचं रॉकेल हवालदार म्यानाच्या तोंडात थेंब थेंब सोडत आणि स्टोव्ह न पेटवता स्वतः शिळी भाकरी चावत. मूठ चिंचेनं घासत, राखेनं पुसत.

"एकदा ओढा की जोर लावून," मी म्हणायचो.

"सबूर, शेक्रेटरी!" मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी. "लोखंड लाजतंय. आपणहून आलं पायजे."

अशात टँकरवर मारामारी होऊन दोघांची डोकी फुटली, आणि कुणीतरी उठवलं की हवालदार तलवारीला धार लावतोय. तिसऱ्या दिवशी फौजदार दोन शिपाई घेऊन दारात. सगळी गल्ली गोळा झाली.

"काढा तलवार."

"निघत न्हाय, साहेब."

"मग आम्ही काढतो."

एका शिपायानं मूठ धरली. हवालदारांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्यानं काठी उचलली.

"हिसका दिला तर म्यान फुटंल," हवालदार म्हणाले. "थोडा येळ द्या. मग मला बी न्या."

फौजदार ओट्यावर बसले. "दहा मिनिटं."

हवालदारांनी म्यानाला कान लावला आणि लाकडी हातोडीनं हलके हलके ठोकत गेले. कुणी खोकलं तर डोळे वटारत. मूठ जराशी हलली. पुन्हा थांबली. मग कर्रकन आवाज झाला, तांबूस भुगा सांडला आणि पातं बाहेर आलं. त्यावर बारीक रेघा होत्या, टोकापर्यंत जाऊन मागं वळलेल्या, नांगराच्या तासांसारख्या.

फौजदारांनी अंगठा फिरवला. बोथट.

"धार?"

"लावायची न्हाय. पुसायची, आन पोरीला द्यायची."

"महिन्याच्या आत गावातून गेली पाहिजे," म्हणून फौजदार उठले.

गल्ली पांगली, आणि हवालदार पातं मांडीवर घेऊन ओट्यावर टेकले.

"बरफात पाय मोडला व्हता माजा. दोन दिवस पाठीवर घिऊन चालला नोर्बू. त्याची भाषा मला न्हाय, माजी त्याला न्हाय. तरी सारी वाट बोलत व्हता." नाक पुसून म्हणाले, "कागद काढा, शेक्रेटरी. डोल्माला लिवा, हिंदीत."

"काय लिहू?"

"तलवार बरी हाय म्हणावं. घिऊन जा." बराच वेळ पात्यावरून फडकं फिरवत राहिले. "आलीस तर चार दिस ऱ्हा. घरात मी एकलाच..."

एकदम थांबले. "त्येवढं खोडा."

मी मान डोलावली, आणि तसंच ठेवून पाकीट चिकटवलं.