तारेवरचे सदुभाऊ

आमचे डोंबिवलीचे शेजारी सदुभाऊ स्टुलावर चढायला घाबरत. आढ्याला कंदील टांगायचा असो की वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायचा असो, भिंतीपलीकडून मला हाक. मी जेवत असलो तरी. "या हो जरा. आपल्याला जमीन बरी."

आणि या गृहस्थाची उमेदीची सगळी वर्षं सर्कशीत तारेवर गेलेली. तंबूच्या शेंड्याशी, तारेच्या मध्यावर खुर्ची मांडून हे महाराज चहा पीत. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगता सांगता कपातला चहा लेंग्यावर सांडला. रस्त्यानेही चालायचे ते पावलापुढे पाऊल टाकत. विहिरीवरच्या बायका तोंड फिरवून हसत. "थापा मारतात, दुसरं काय," आमची ही म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

पण थापा नव्हत्या. त्यांची बायको, जानकीवहिनी, खेळ चालू असताना तारेखाली उभ्या असायच्या. बाकीचे तारवाले खाली बघत नाहीत. हे दर फेरीला बघत. वहिनी तापाने गेल्या. त्यानंतरच्या पहिल्याच खेळाला सदुभाऊ शिडीने वर गेले, खाली पाहिलं आणि तसेच उतरले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सर्कस सुटली, नि हे इथे लाकडाच्या वखारीत कारकुनी करू लागले.

एका हिवाळ्यात तीच सर्कस कल्याणला उतरली. मालकाचा निरोप आला, एकदा चालून दाखवा, परत घेतो. सदुभाऊंना जायचं होतं हो. इतकं, की त्यांना घास गिळवेना. मला म्हणाले, "तुम्ही खाली उभे राहाल? नुसतं उभं राहायचं."

भर दुपारी, रिकाम्या तंबूत, मी तारेखाली ताणलेल्या जाळ्याच्या कडेला उभा राहिलो. सदुभाऊंनी एक पाऊल तारेवर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाऊल मागे घेतलं आणि शिडी उतरले. मालक निघून गेला.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "अहो, उभा होतो ना मी? हललोसुद्धा नाही."

"उभे होतात. तुमचं काही चुकलं नाही."

"मग वहिनी असं वेगळं काय करायच्या?"

सदुभाऊ वाकून चपलेचा अंगठा नीट करत होते. मान वर न करताच म्हणाले, "जाळं असायचंच हो. तरी ती वेडी डोळे गच्च मिटून, पदराची झोळी धरून उभी राहायची. मला झेलायला."