व्लास्तिमिर मास्तरांचा साठ अंशांचा कोन

व्लास्तिमिर मास्तरांच्या अंगणातला वाळका पॉपलर पाडायचा होता. शेजारचा मिलादिन यांत्रिक करवत घेऊन आला, आणि त्याने खिशातून फोन काढला. तिथेच सगळं बिघडलं.

"यात झाडाची उंची मोजता येते, मास्तर."

"ठेव तो डबा खिशात!" मास्तर कडाडले. "चाळीस वर्षं या गावाला भूमिती शिकवलीय मी. सांग, साठ अंशांचा टॅन किती?"

मिलादिन तीन नातवंडांचा आजोबा. तरी त्याने मान खाली घातली. याच प्रश्नावर तो दोनदा नापास झाला होता.

"तीनाचं वर्गमूळ, गाढवा! एक पूर्णांक त्र्याहत्तर शतांश!"

मास्तरांनी लाकडी गुण्या डोळ्याला लावला आणि ते मागे-पुढे सरकू लागले. शेंडा साठ अंशांच्या रेषेवर आला तिथे त्यांनी खुंटी ठोकली. बुंध्यापासून बरोबर बारा मीटर. कागद नाही, पेन्सिल नाही. मास्तरांनी नुसते डोळे मिटले.

"वीस मीटर शहात्तर सेंटिमीटर."

मिलादिनच्या अंगणात त्याची बायको स्तोयांका चुलीवर आयवार ढवळत होती. दोन पोती लाल ढोबळ्या मिरच्या भाजून, सोलून तीन दिवस चाललेली ही चटणी म्हणजे हिवाळ्याची बेगमी. बुंध्यापासून चुलीपर्यंत टेप धरली. साडेएकवीस मीटर.

"पाऊण मीटर शिल्लक. पाड इकडेच," मास्तरांनी हुकूम सोडला.

"मास्तर, पातेलं उचलू का?" स्तोयांकाने विचारलं.

"बाई, तीनाचं वर्गमूळ तुझ्या पातेल्यापेक्षा जुनं आहे. ढवळत राहा."

करवत घरघरली. झाड करकरलं, तशी स्तोयांका वर्गमुळाचा मान न राखता पळत सुटली. पॉपलर धाडकन आडवा झाला आणि त्याच्या शेंड्याने पातेल्याचा अचूक वेध घेतला. आयवार कोंबड्यांवर, चुन्याच्या भिंतीवर आणि पुढे सरसावलेल्या मास्तरांच्या चष्म्यावर उडाला.

कमरेवर हात ठेवून स्तोयांका समोर आली. "मास्तर, तो कोन जमिनीपासून धरला होता, की डोळ्यांपासून?"

"डोळ्यांपासून. तसाच धरतात."

"मग डोळ्यांखाली उरलेले मास्तर कुणी मिळवायचे?"

मास्तरांचे ओठ हलले. एक मीटर पासष्ट. बेरीज बावीस मीटर एक्केचाळीसवर गेली.

"रीत बरोबर आहे," ते म्हणाले. "शेवटची एक पायरी राहिली. फार तर एक गुण कापा."

"गुण? माझा हिवाळा कापलात तुम्ही!"

मिलादिन मात्र पाठमोरा उभा होता. झाडाच्या पलीकडे मक्याचं शेत. मका केव्हाच निघाला होता. थेट नदीपर्यंत चिटपाखरू नव्हतं.

"मास्तर," त्याने शाळेनंतर पहिल्यांदाच त्यांना प्रश्न विचारला, "आपण झाड तिकडे का नाही पाडलं?"

मास्तरांनी चष्मा काढून बाहीने पुसला.

"तिकडे," ते हळूच म्हणाले, "मोजायला काय होतं?"