बुधाच्या जीपमध्ये जागा आहे

मोखाड्याच्या बुधाने दारू सोडायचे ठरवले आणि तालुक्याची घडी विस्कटली.

मोखाडा ते जव्हार जीप चालवणारा हा गडी. संध्याकाळी गाडी लावली की रखमीच्या झोपडीमागे प्यायला बसायचा. पुढे पुढे तर संध्याकाळची वाट बघणेही त्याने सोडून दिले. जीप तरीही भरून जायची. लोक मागच्या शिडीला लोंबकळत म्हणायचे, "बुधा पितो, पण गाडी झकास चालवतो हां!" हे प्रमाणपत्र एकट्या कोंडीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मान्य नव्हते. एकदा हळदीला निघालेल्या सख्ख्या सासूला बुधाने "गाडी फुल झाली, मागून ये" म्हणून भर घाटात उतरवले. कोंडी पोरीला घेऊन सूर्यमाळला माहेरी निघून गेली.

"शपथा नको आता," जाताना तिने बजावले. "दारू सोडणाऱ्यांची मिटिंग भरते म्हणतात. तिथं जाऊन बस, मगच आमाला न्यायला ये. नाय तर तोंड दाखवू नको."

बुधा हादरला. पोरगी रोज मांडीवर बसून हॉर्न वाजवायची, तो आवाज बंद झाल्यावर त्याला घरात थांबवेना.

मोखाड्याच्या स्टँडवर फलक होता : 'दारू सोडायची आहे? आमच्या बैठकीस अवश्य उपस्थित राहा. स्थळ : गोपनीय. वेळ : गोपनीय.' बुधा थेट तो फलक लावणाऱ्या व्यसनमुक्ती समन्वय कक्षात गेला. तिथे समन्वयक पुष्पलता मॅडम बसल्या होत्या.

"मॅडम, मिटिंग कुठं भरते?"

"ते सांगता येत नाही. सदस्यांची ओळख जपणं हे आमचं पहिलं कर्तव्य."

"मग यायचं कसं?"

"सदस्यांना स्थळ माहीत असतं."

"मग माला सदस्य करा."

"त्यासाठी बैठकीला हजर राहावं लागतं." मॅडमचा चेहरा अभिमानाने उजळला. "आजवर एकही नाव बाहेर फुटलेलं नाही, बरं का! गोपनीयतेत आपला कक्ष विभागात पहिला आलाय."

बाजाराच्या दिवशी बुधा दिसेल त्याला विचारत सुटला. दारू कुठे मिळते असे विचारले असते तर दहा बोटे दहा दिशांना गेली असती. मिटिंगचे नाव काढताच भले भले बाप्ये नव्या नवरीसारखे लाजू लागले. रखमीकडे रोज त्याच्या मांडीला मांडी लावून बसणारा उमेश कारकून तर कासावीस झाला.

"हळू बोल की रे! लोक ऐकतील!"

"पिताना तर रस्त्यावर नाचतोस."

"पिणं वेगळं. सोडतोय म्हटलं की आपण पीत होतो असा अर्थ निघतो!"

शेवटी पत्ता दिला तो खुद्द रखमीने. "जव्हारला बंद गोदाम आहे ना, त्याच्या माडीवर. धंदा करायचा तर समोरच्या दुकानावर नजर ठेवावीच लागते. जा बाबा, तुझी बायको माझ्या नावानं बोटं मोडते, माला झोप नाय लागत."

माडीवर खुर्च्या गोल मांडल्या होत्या. चहाचा थर्मास होता, बिस्किटे होती, आणि ती बिस्किटे खात एकट्या पुष्पलता मॅडम होत्या. त्या बुधाला पाहून दचकल्या.

"तुम्ही इथे कसे?"

"विचारत विचारत."

"म्हणजे स्थळ फुटलं!" मॅडमनी भराभर खुर्च्या एकात एक घातल्या. "आजची बैठक रद्द. यापुढे स्थळ मलाही कळवलं जाणार नाही."

"अहो, नुसतं बसू द्या! संसार मोडतोय माझा!"

"तुम्हाला तर मुळीच बसता येणार नाही. तुम्ही जीपवाले, सगळा तालुका तुम्हाला ओळखतो. आधी अनोळखी व्हा, मग या."

बुधाचे डोके सटकले. खाली येऊन त्याने जीपच्या काचेवर लाल रंगात लिहून घेतले, 'दारू सोडणाऱ्यांची मिटिंग. इथेच. जाता-येता.' मग जव्हारच्या स्टँडवर उभा राहून तो ओरडू लागला, "चला मोखाडा, मोखाडा! सोडणारे पुढं, न पिणारे मागं!"

पुढे कोणी बसले नाही. मागेही कोणी बसले नाही, कारण सोडणाऱ्यांच्या गाडीत कोणी ओळखीच्याने पाहिले तर? उमेश कारकून घामाघूम होऊन एसटीची वाट बघत राहिला. पिणाऱ्या बुधाच्या जीपला लोंबकळणारी माणसे शुद्धीवरच्या बुधाला बघून रस्ता ओलांडू लागली. बुधा रिकामी गाडी हाकायचा आणि मिटिंग म्हणून आरशाशी बोलायचा. पण पठ्ठ्या प्यायचा मात्र नाही.

ही वार्ता सूर्यमाळला पोचली. कोंडी पोरीला घेऊन माळ उतरून आली आणि स्टँडवर सगळ्यांदेखत पुढच्या सीटवर चढली.

"अगं, तिथं नको!" बुधा घाबरला. "लोक म्हणतील, तूच पितेस."

"म्हणू देत. तू प्यायचास तेव्हा काय म्हणायचे? झकास चालवतो!"

पोरगी मांडीवर चढली आणि तिने हॉर्न असा दाबला की सगळे स्टँड दचकले. बुधा ढसाढसा रडला.

आता बुधाची जीप वेळेवर सुटते, चालक शुद्धीवर असतो आणि गाडीत कायम जागा असते. इकडे आलात तर जरूर बसा. हो, तुम्हालाच सांगतोय. तुम्ही पीत नाही, ठाऊक आहे आम्हाला. मग काय हरकत आहे? या, असे पुढे या.

अहो, तोंडाला रुमाल कशाला बांधताय? काचा बंद आहेत, धूळ येत नाही.