बियाण्याचं वांगं

दवाखान्यात डॉक्टरांच्या प्रयोगासाठी दिलेला पांढरा, आंबूस घोल पिऊन महादेवराव घरी आले आणि कुंताबाईंनी आधी विळा लपवला, मग खुरपं, आणि शेवटी अडकित्ताही.

कारण महादेवरावांनीच सांगितलं होतं. "डोक्यात सेरोटोनिन नावाची चीज राह्यते म्हणे. थे कमी झालं का मानसाले धीर धरवत नाई. आत्ता एक पेढा पाह्यजे का थांबून चार, असं इचारलं तं आत्ताचा एकच उचलते. हा घोल थे कमी करते. संध्याकाळपरेंत असर राह्यते."

"अन् तुमी पेले?"

"फुकट होता."

कुंताबाईंनी परसाकडे पाहिलं. मर रोगानं वांग्यांचा सगळा वाफा बसला होता. उरलं होतं एक झाड, आणि त्यावर बियाण्यासाठी राखलेलं एकच वांगं. त्यांच्या माहेरचं काटेरी वाण. झाडावर पिवळं पडेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. त्याआधी तोडलं, की वाण संपलं. महादेवरावही तिकडेच पाहत होते.

"तिकडं काऊन पाहून राह्यले?"

"कावळा पाहून राह्यलो."

"वांग्यावर बसला काय कावळा?"

कुंपणापलीकडून शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, "माय वं! दवाई पेलेला मानूस मोकळा ठेवला? बांध त्याले."

बैलाचा दोर आणला. महादेवराव स्वतःहून खाटेवर आडवे झाले. "बांधा. मले काई घाई नाई."

इथेच कुंताबाईंना संशय आला. लग्न झाल्यापासून या माणसाला घाई नाही, असं कधी झालं नव्हतं. पुढे त्यांनी चहा मागितला नाही. मग ते घोरू लागले.

"सोंग हाये," शालूबाई कुजबुजल्या. "गाठ पाहाय, ढिली झाली."

कुंताबाई काठी घेऊन झाडाशी बसल्या. जेवल्या नाहीत. वारा आला, वांगं हललं, त्या उभ्या राहिल्या. वारा थांबला, तेव्हा तर त्यांना जास्तच भीती वाटली. ऊन कलत होतं, संध्याकाळ काही होत नव्हती. एवढ्यात महादेवरावांनी कूस बदलली आणि खाट करकरली.

कुंताबाईंनी झेप घेतली. कच्चकन वांगं तोडलं, घरात धावत जाऊन ट्रंकेत टाकलं आणि वर कुलूप घातलं.

"आता घ्या म्हना तोडून!"

शालूबाई कुंपणाला धरून उभ्या होत्या. "कुंते, थे पिवळं कुठं झालतं वं?"

कुलूप उघडलं. वांगं चिरलं. आत बिया पांढऱ्या, कोवळ्या. कुंताबाईंनी चूल पेटवली. मग त्यांनी फोडणी घातली.

दोर सोडलेल्या महादेवरावांपुढे ताट आलं. भाजीतून वाफा निघत होत्या.

"जेवा," कुंताबाई दुसरीकडे पाहत म्हणाल्या.

"निवू दे," महादेवराव म्हणाले.