उजवीकडची खोली

ऑफिस सुटल्यावर तिथल्या लोकांबरोबर बसायचं टाळण्यासाठी आपण किती कारणं काढू शकतो, हे त्या नव्या ड्राफ्ट्समनला नोकरी बदलल्यावर कळलं. महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात त्याची दाढ दुखून झाली होती, घरमालक दोनदा भेटायला येऊन गेले होते आणि एकदा तर त्याने गॅस चालू राहिल्याचं सांगून अर्ध्या जिन्यातून पळ काढला होता. माणसं त्याला नकोशी होती असं नाही. चार माणसांत गेल्यावर हातांचं काय करायचं, हे त्याला कधीच उमगलेलं नव्हतं.

समोरच्या टेबलावरचा इंजिनिअर मात्र चिवट होता. "आज कारण नको," तो साइटवर निघता निघता म्हणाला. "चौकातलं हॉटेल, वरचा मजला. मी परस्पर येतो."

"तिथे माझ्या ओळखीचं कोण असेल?"

"मी आहे ना. बाकी सगळी साइटवरची मंडळी. ती ऑफिसात फिरकत नाहीत, म्हणून तर ओळख करून द्यायची."

दुपारी ताईचा फोन आला. धाकटा भाऊ परक्या गावात एकटाच जेवतो, ही तिची मोठी काळजी होती. तो जाणार हे ऐकून तिला भरून आलं आणि तिने लगेच हुकूम सोडला, "कोट घालून जा. आणि भिंतीला चिकटून उभा राहू नकोस."

तो कोट घालून गेला. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती आणि मधे एक वेटर.

"ऑफिसची पार्टी ना?" वेटरने विचारलं.

"हो."

वेटरने कोटाकडे एक नजर टाकली आणि अदबीने उजवीकडचं दार उघडलं.

आतली वीसेक माणसं एकदम उठून उभी राहिली. ड्राफ्ट्समनला गहिवरून आलं. काय अगत्याची माणसं ही, आणि आपण यांना दाढदुखी सांगत होतो.

"या, या," पुढे येऊन एक चटपटीत बाई म्हणाली. "मी डिस्पॅच बघते. आम्हाला वाटलं, येताय की नाही."

"येतो म्हणालो होतो."

"म्हणणारे पुष्कळ असतात हो. आमच्यापैकी कुणी तुम्हाला पाहिलेलं नाही, म्हणून जरा बावरलोय आम्ही."

"मीही तुमच्यापैकी कुणाला पाहिलेलं नाही," तो म्हणाला, आणि सगळे हसले. आपल्या बोलण्यावर लोक हसतात, हा अनुभव त्याला नवा होता. हातांचं काय करायचं हा प्रश्नही सुटला, कारण ते दोन्ही हात लोक आळीपाळीने हलवत होते.

त्याला टेबलाच्या मधोमध बसवलं. शेजारी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ अंग चोरून बसले होते. सगळे त्यांना काका म्हणत होते. समोर केक होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'काकांना निरोप'. ड्राफ्ट्समनला थोडं चमत्कारिक वाटलं. आपण जिथे आराखडे काढतो तिथे एवढे वयस्क कुणी आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण साइटवर असतीलही, असं म्हणून त्याने सूप पुढे ओढलं.

"एवढी वर्षं काकांनी रंगाचं गोदाम सांभाळलं," डिस्पॅचवाली सांगू लागली, "पण मुख्य कार्यालयातून कुणी साहेब आमच्यात येऊन बसलेत, असं आजच होतंय. तुम्ही नवीन आलात आणि पहिलं काम हे केलंत."

ड्राफ्ट्समनच्या हातातला चमचा थांबला. मुख्य कार्यालय. रंगाचं गोदाम. साहेब. आपण दुसऱ्याच कुणाच्या पार्टीत, दुसऱ्याच कुणाच्या खुर्चीवर, दुसऱ्याच कुणाचं सूप पीत बसलोय, हे त्याला आता स्वच्छ दिसलं.

तो उठायला गेला आणि नेमका त्याच क्षणी वेटर मागून वाकला. धक्का लागून ट्रेमधलं सूप ड्राफ्ट्समनच्या बाहीवरून गुडघ्यापर्यंत ओघळलं. वेटरचा चेहरा उतरला. गल्ल्यावरचे मालक तरातरा आले.

"माझा कोपर लागला," काका शांतपणे म्हणाले. "त्याची चूक नाही."

काकांचे दोन्ही हात मांडीवर होते. कोपर लागायला त्यांना उठून पलीकडे यावं लागलं असतं. पण मालक गेले आणि वेटरने काकांकडे असं पाहिलं की ड्राफ्ट्समनलाच मान खाली घालावी लागली. काकांनी आपला रुमाल काढून त्याची बाही टिपायला घेतली. तेवढीच संधी साधून तो कुजबुजला, "काका, माफ करा. मी तुमचा साहेब नाही. मला समोरच्या खोलीत जायचं होतं. आत्ता उठतो आणि सांगतो."

काका बाही टिपत राहिले. "मला ते मघाशीच कळलं," ते तितक्याच हळू म्हणाले. "साहेब लोक आल्या आल्या घड्याळ बघतात. तुम्ही केक बघितलात. साहेबांनी दुपारी निरोप धाडला होता, जमलं तर येतो म्हणून. त्याचा अर्थ मला समजतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ती पलीकडे निळ्या स्वेटरमध्ये बसलीय ना, ती आमची मंडळी. तिला मी सकाळी सांगून बसलो, की मला निरोप द्यायला मुख्य कार्यालयातून साहेब येणार आहेत. तुम्ही आत आलात तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं." काकांनी रुमालाची घडी बदलली. "तसं तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. थोडा वेळ बसाल का? केक कापेपर्यंत."

ड्राफ्ट्समनने पलीकडे पाहिलं. काकू त्याच्याकडे बघून हसल्या. त्याने खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

केक कापेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. पण साहेब गप्प बसलेत म्हणजे ऐकून घेताहेत, अशी सगळ्यांची समजूत झाली. गोदामातला पंखा फिरत नाही, हे त्याला समजलं, आणि मान डोलावून त्याने तो बसवायचं जणू कबूलच केलं. मग पॅकिंगवाल्या बायका आल्या. कपडे बदलायच्या खोलीला दारच नाही, पडदा आहे, आणि तो ट्रक आला की वाऱ्याने उडतो.

"खोली केवढी आहे?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

बायकांनी हात पसरून दाखवली. आता हा सगळा त्याच्या हातखंड्याचा मामला होता. त्याने खिशातलं पेन काढलं, कागदी रुमाल पसरला आणि आडोशाची भिंत कुठे घ्यायची, दार कुठल्या बाजूला उघडायचं, वर हवा यायला फट किती ठेवायची, हे भराभर काढून दाखवलं.

रुमाल टेबलभर फिरला. "स्वतः काढून दिलं हो साहेबांनी," एकीने दुसरीला सांगितलं. आतापर्यंतचे साहेब नुसतं 'बघू' म्हणायचे. आपण वेळ मारून नेण्याऐवजी आणखी खोलात चाललोय, हे लक्षात येऊन ड्राफ्ट्समनने पेनाला टोपण लावलं.

त्यात डिस्पॅचवाली उठली. "आता काकांबद्दल साहेब दोन शब्द बोलतील."

नाही म्हणायची सोय नव्हती. काकू खुर्ची वळवून बसल्या होत्या. तो उभा राहिला, हात मागे नेले, पुढे आणले, शेवटी ओली बाही धरली.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "काकांचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल काही बोललो तर ते खोटं होईल. मी त्यांच्याशेजारी फक्त एक सूप प्यायलोय. तेवढ्या वेळात त्यांनी एका माणसाची चूक स्वतःवर घेतली, माझी बाही पुसली, आणि मी इथे फार अवघडून बसलो होतो, तर मला ते जाणवू दिलं नाही. एका सुपात जर एवढं मिळतं, तर तुम्हाला एवढ्या वर्षांत काय काय मिळालं असेल. मला तुमचा हेवा वाटतो. बस, एवढंच."

तो खाली बसला. कुणी टाळी वाजवली नाही. कोपऱ्यातला ट्रकवाला उठला आणि घसा साफ करून म्हणाला, "माझी मुलगी दवाखान्यात होती, तेव्हा रोज माझा माल काकांनी उतरवून घेतला. मी कधी बोललो नाही त्यांना." तो बसतो न बसतो तोच पॅकिंगमधली एक उठली. तिच्या हातून अख्खा डबा सांडला होता, तेव्हा काका आधी तिच्या डोळ्यांत रंग गेला का ते बघायला धावले होते. मग तिसरा उठला. काका रुमाल शोधत होते, पण तो ड्राफ्ट्समनच्या गुडघ्यावर होता.

आणि दार उघडलं.

दारात समोरच्या टेबलावरचा इंजिनिअर उभा होता. त्याच्या शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ होते, बाह्या सरसावलेले, टाय खिशात कोंबलेला, चेहरा हसून हसून लाल.

"अरे, तू इथे?" इंजिनिअर म्हणाला. "आमची मंडळी केव्हापासून यांनाच तू समजून..."

डिस्पॅचवालीने विचारलं, "हे कोण?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ड्राफ्ट्समन उठला. आता जे व्हायचं ते होऊ दे, पण काकांवर काही येऊ द्यायचं नाही, एवढं त्याने मनाशी ठरवलं. टक्कलवाल्या गृहस्थांनी सगळीकडे नजर फिरवली: केक, काका, निळ्या स्वेटरमधल्या काकू, ड्राफ्ट्समनची सुपाने भिजलेली बाही. मग ते अगदी सहज म्हणाले, "मी समोरच्या ऑफिसातला नवा ड्राफ्ट्समन. साहेब इथे आलेत असं कळलं, म्हणून नमस्कार करायला आलो."

"मग या की, बसा," डिस्पॅचवाली म्हणाली. "केक आहे."

ते टेबलाच्या टोकाला बसले. काकांनी केक कापला आणि ड्राफ्ट्समन उठून सगळ्यांना बशा वाढू लागला. इंजिनिअर तोंड उघडायला लागला, तेव्हा त्यांनी आपल्यापुढे आलेली केकची बशी त्याच्या हातात दिली. शेजारच्या पॅकिंगवालीने कौतुकाने त्यांना तो कागदी रुमाल दाखवला, "आमच्या साहेबांनी काढलंय," आणि त्यांनी तो बराच वेळ निरखून पाहिला.

केक संपल्यावर ते ड्राफ्ट्समनला जिन्यात गाठून म्हणाले, "मी लगेच सांगणार होतो, देवाशपथ. पण तुमच्या लोकांनी पाठीवर थाप मारली आणि 'अरे' म्हणाले. मला अरे म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. मग मी एक विनोद सांगितला. ऑफिसात माझ्या प्रत्येक विनोदाला सगळे हसतात. इथे पहिले तीन पडले." त्यांचे डोळे चमकले. "चौथ्याला हसले."

"साहेब, मी पंख्याचं कबूल करून बसलोय. आणि त्या खोलीचं."

"मग करावंच लागेल. साहेबांनी शब्द दिलाय." त्यांनी रुमालाची घडी जपून खिशात घातली. "दार डावीकडे उघडलं तर नाही का चालणार?"

"नाही. कपाट अडेल."

"बरं," साहेब म्हणाले, आणि बाहेर येणाऱ्या काकांचा हात हातात घेण्यासाठी पुढे झाले.

मंडळी खाली उतरू लागली. काकू मुद्दाम मागे राहिल्या. सगळे पुढे गेल्याचं बघून त्या ड्राफ्ट्समनजवळ आल्या.

"बाळ, खरे साहेब ते टक्कलवाले ना?"

कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तो घाईघाईने मागे वळून बघायला लागला.

"घाबरू नकोस. ते केकचा तुकडा कुणी आणून देईल म्हणून वाट बघत बसले, आणि तू आपला उठून सगळ्यांना वाढत होतास. त्याच्याआधी भाषणातच कळलं होतं मला. साहेब कधी हेवा वाटतो म्हणत नाहीत." त्यांनी खाली वाकून पाहिलं. काका फाटकाशी उभे राहून मान उंच करून त्यांना शोधत होते. "यांना मात्र सांगू नकोस हं. मला खरं वाटलं म्हणून आज केवढे खूश आहेत. आणि ती माणसं उठून जे बोलली, ते काही तुझ्या-माझ्या सोंगाने बोलली नाहीत. तेवढ्यासाठी तुझे उपकार."

"उपकार तुमचे, काकू," तो म्हणाला, आणि ते त्याच्या अगदी मनापासून आलं.

त्या उतरून गेल्या. खाली काकांनी त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी भारावून सांगितलं, आणि काका एकदम ताठ चालू लागले.

इंजिनिअरने त्याला दंडाला धरून डावीकडच्या खोलीत नेलं. साइटवरची मंडळी अजून बसलेलीच होती.

"हा आपला खरा ड्राफ्ट्समन," इंजिनिअरने जाहीर केलं.

सगळ्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "असेल," एक जण निराशेने म्हणाला. "पण पहिला फार मजेशीर होता रे. याला विनोद येतो का?"

"येत नाही," ड्राफ्ट्समन म्हणाला. "पण आज माझं काय झालं ते सांगू शकेन."

कुणीतरी पायानेच एक खुर्ची त्याच्याकडे ढकलली. तो बसला आणि सांगू लागला, आणि त्याचे हात आपोआप हलत होते.