स्विमिंग पूलमधला करंट आणि शांताकाकू

इतर बायका अंबाड्यात फूल खोचतात. आमच्या शेजारच्या शांताकाकू टेस्टर खोचतात. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या तरी आधी फ्रिजला टेस्टर लावतात, मग सोफ्यावर टेकतात. लाखांदुरात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. काका गेल्यावर ते बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तेरवी आटोपताच काकूंनी शटर उघडलं.

त्यांचा लाडका शब्द 'काहून', म्हणजे 'का'. पंखा हळू फिरला, काहून? बल्ब लुकलुकला, काहून? माझ्या मिक्सरला एकदा त्यांनी इतक्यांदा "काहून बाप्पा?" विचारलं, की आता तो तोंड उघडतो असं मला वाटलं.

यंदा माझ्या मामेभावाने, विजयने, कोंढा गावातल्या घरामागे छोटा स्विमिंग पूल बांधला. त्याच्या पिंकीच्या वाढदिवसाला मी काकूंनाही सोबत नेलं. पोरं पाण्यात धिंगाणा घालत होती. पिंकीने वर यायला लोखंडी शिडी धरली आणि किंचाळून हात सोडला. "बाबा, शिडी चावते!"

"औषध जास्त पडलं असन पाण्यात," विजय हसला.

काकू हसल्या नाहीत. "मेन बंद कर, पयले! पोरायनो, शिडीले हात नोका लावू!"

विजय धावला. मेन बंद झाल्यावरच काकूंनी एकेका पोराला काठावरून ओढून बाहेर घेतलं आणि अंगणापार पिटाळलं.

मग तपास. सगळी बटणं बंद ठेवून मेन चालू केला; शिडीवर टेस्टर पेटला नाही. पंप लावला, तरी नाही. पाण्याखालचा शोभेचा दिवा लावला आणि टेस्टर लालभडक! पुन्हा मेन बंद करून काकू वाकल्या. दिव्याच्या वायरचा जोड नुसता चिकटपट्टीत गुंडाळलेला, आत पाणी शिरलेलं.

"पण करंट जमिनीत काहून नाही गेला?" असं पुटपुटत त्या अर्थिंगच्या हिरव्या वायरमागे निघाल्या. आम्ही वरातीसारखे मागे. वायर भिंतीवरून गेली, चाफ्याला वळसा घालून संपली ती शेवंतीच्या कुंडीत!

"वा! शेवंतीले अर्थिंग देल्ली!"

हसता हसता त्यांनी बोर्ड उघडला. "आन् करंट गळला का लाइन तोडते, ते ईएलसीबी कुठं हाये?"

"ते घडीघडी पडे, लाइन बंद होऊन जाय," विजय म्हणाला. "म्हणून काढून टाकलं."

"काहून पडे, हे कोणीच नाही इचारलं?" काकूंनी बोर्ड धाडकन बंद केला.

नंतर काकूंनीच काम केलं. दिवा काढला, खड्डा खणून खरी अर्थिंग केली, शिडी आणि पंप तिला जोडले, काढलेलं ईएलसीबी परत बसवून करंट गळताच ते पडतं हेही दाखवलं. तरी पाण्यात उतरायला कुणी धजेना. पिंकी आईच्या, सुनंदावहिनीच्या, पदरामागे.

"मी उतरते," म्हणत काकूंनी पदर खोचला आणि शिडी धरून पाण्यात गेल्या. बघता बघता हात मारत पलीकडच्या काठाला!

"काकू, तुम्हाला पोहता येतं?" मी चाट पडलो.

"माहेरी वावरात बोडी होती, लहानसं तळंच. दिवसभर पाण्यातच राहो आमी." त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. "लगन झाल्यावर बाईमानसाले कोण पोहू देते?"

चहा निवला, ऊन उतरलं, काकू बाहेर येईनात. शेवटी काठावर हनुवटी टेकवून हळूच म्हणाल्या, "विजय, आणखी एकदोनदा येऊन पाह्यलं पाह्यजे. पाण्याचं काम आहे, भरोसा नाही."

"आता तर सगळं ठीक झालं ना, काकू?" विजय गोंधळला.

सुनंदावहिनी टॉवेल घेऊन पुढे आल्या. "तुमी चूप राहा जी. काकू, दर रविवारी या. तुमचं एक लुगडं इथंच ठेवून देते."

काकूंनी मान डोलावली आणि बुडी मारली.