पासलीची ६.४०

आमचे दाजी रोज सकाळी सहा चाळीसला एक फूल सोडतात. सोडतात म्हणजे स्टँडवरून एस.टी. सोडावी तसं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. उभी हयात भोरच्या स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर आक्काला घेऊन आपल्या गावी, वेल्हे तालुक्याच्या पार टोकाला, पासलीला जाऊन राहिले. मूलबाळ नाही. गाड्या भोरलाच राहिल्या, सोडायची सवय मात्र त्यांच्याबरोबर गेली.

फुलाचा फोटो काढायचा आणि ‘आपली माणसं’ या आमच्या घरच्या ग्रुपवर टाकायचा. खाली मजकूर ठरलेला: ‘६.४० पासली. तेरडा. झिमझिम. नोंद घ्यावी.’ त्यात सुप्रभात नसायचं, सुविचार नसायचा, उगवता सूर्यही नसायचा. प्रत्यक्षात हा फोटो आमच्याकडं पोचायचा सव्वासातला, कारण दाजींच्या घरात रेंज नाही. त्यासाठी देवळामागचं टेकाड चढून एका खडकावर तोरण्याकडं तोंड करून उभं राहावं लागतं. मी एकदा म्हटलं, “दाजी, मग सव्वासातच लिहा की.” तर म्हणाले, “पाव्हणं, सुटायची येळ लिवत्यात. पोचायची कोन सांगू शकतं?”

त्यांचे नियम होते. फूल तोडायचं नाही, जागेवरच टिपायचं. खाली पडलेलं चालत नाही, ते ‘डेपोत गेलेलं’. कालचं फूल आज नाही. एकदा भाताच्या लोंबीचा फोटो आला, तोही दुपारच्या सुमाराला. शिवऱ्याचा अण्णा, माझा चुलतभाऊ, हायवेला त्याचं चहाचं हॉटेल आहे आणि ग्रुपवरचा विनोद तोच सांभाळतो, त्यानं विचारलं, “दाजी, ह्यात फूल कुठंय?” उत्तर आलं, “हेच फूल. धाच्या आत उघडत न्हाई म्हनून गाडी लेट. ह्याच्यावरच जेवता. नोंद घ्यावी.”

माणूस असा की माझ्या लग्नात मुहूर्त टळायला आला, भटजींची चुळबुळ सुरू झाली, तेव्हा दाजींनी सरळ माईक हातात घेतला आणि स्टँडवरच्या आवाजात सांगितलं, “नवरीकडील गाडी काही कारणास्तव दहा मिनिटं उशिरा धावत आहे. वऱ्हाडी मंडळींनी नोंद घ्यावी.” माझी बायको सुनीता अजून म्हणते की तिच्या लग्नातलं तिला तेवढंच वाक्य आठवतं. मी काय बोललो ते विचारलं, तर म्हणते, तुम्ही कुठं काय बोलला होता.

फुलांचं वेड निवृत्तीनंतरचं. आधी आम्हाला वाटलं, चार दिवस चालेल. चालतच राहिलं. त्यांचा भाऊ वारला त्या दिवशी पांगारा आला. एका पावसात ओढ्यानं त्यांचा बांध नेला, त्या सकाळी भारंगी आली. आणि एकदा मजकूर होता: ‘६.४० पासली. कुर्डू. म्हैस गेली. नोंद घ्यावी.’ त्यावर अकरा अंगठे आले. बारावा माझा. फक्त अण्णानं हात जोडले होते, पण तो सगळ्यालाच हात जोडतो.

इथं कबूल करून टाकतो. मी ते फोटो उघडत नसे. मी भोरला एका शाळेत क्लार्क आहे. न वाचता सही करायचा सराव दांडगा. मोबाईलची जागा भरू नये म्हणून फोटो आपोआप उतरणं मी बंद ठेवलं होतं. दात घासता घासता डाव्या हातानं अंगठा दाबायचा आणि बहिणीच्या घरची खुशाली घेतली असं समजून चूळ भरायची. सुनीता म्हणायची, “निदान बघा तरी काय पाठवलंय.” मी म्हणायचो, “फूल असणार.” त्यात माझं काय चुकत होतं?

बाकीचे बघत. त्यामुळं मला ऐकून माहीत होतं की फोटोच्या कोपऱ्यात आक्काचा हात असतो. पासलीचा वारा फांदी स्थिर राहू देत नाही, म्हणून ती धरायची आणि दाजी टिपायचे. अण्णानं एकदा लिहिलं होतं, “दाजी, फुलं बघायची का आक्काच्या बांगड्या?” त्यावर दाजींचं उत्तर: “बांगड्या रिझर्व्ह हायत.”

मग दोनएक वर्षांपूर्वी फोटो बिघडायला लागले. हललेले, पुसट. अण्णानं जाहीर केलं की दाजींना मोतीबिंदू झाला. कुणी म्हणालं, वय झालं, हात थरथरत असेल. कुणी म्हणालं, मोबाईल जुना आहे. मी एकही फोटो पाहिला नव्हता, तरी पुढाकार मीच घेतला. सगळ्यांनी मिळून दाजींना नवीन मोबाईल घेतला, चांगल्या कॅमेऱ्याचा. तो घेऊन मी पासलीला गेलो असतो तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण पासलीला जायचं म्हणजे वेल्ह्याला गाडी बदला, तिथं पुढची गाडी मिळेल याची खात्री नाही, आणि माझे गुडघे. मी मोबाईलचा डबा वेल्ह्याच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडं दिला. तिसऱ्या दिवशी निरोप आला: ‘मोबाईल पोचला. नोंद घेतली.’

आणि काय सांगू, थोड्याच महिन्यांत फोटो लख्ख यायला लागले. परागसुद्धा मोजून घ्यावेत असे. ग्रुपवर माझं कौतुक झालं. मीही लिहिलं, ‘शेवटी कॅमेरा तो कॅमेरा.’ फोटो तेव्हाही उघडला नव्हता.

दर दिवाळीला आक्का भाऊबीजेला भोरला यायची. दाजींच्या ओळखीनं खिडकीची जागा मिळायची आणि ती मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन यायची. गेली तीन वर्षं आली नाही. पहिल्या वर्षी भात काढायचं राहिलं होतं. दुसऱ्या वर्षी गाय व्यायली होती. तिसऱ्या वर्षीचं कारण मला आठवत नाही. मी नीट विचारलं नसणार. सुनीता म्हणाली, “ती येत नाही तर तुम्ही जा की. भावानंच जायचं असतं.” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी नक्की.” आणि मनातून जरा सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

यंदा आवणीच्या दिवसांत, भाताची रोपं लावायची घाई चालू असताना, पासलीची गाडी आलीच नाही. एक दिवस. दुसरा दिवस. ग्रुपवर अण्णा म्हणाला, “पंक्चर.” तिसऱ्या दिवशीही काही नाही. फोन लावला तर लागेना. मला वाटलं, मोबाईल पावसात भिजला. पुढाकार माझा, म्हणजे तक्रारही माझ्याच गळ्यात. मी कपाटातून वॉरंटीचं कार्ड शोधलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि निघालो. सुनीता दारात म्हणाली, “मोबाईलला बघायला चाललाय का बहिणीला?”

वेल्ह्याच्या पुढं गाडी नव्हती. खताच्या एका टेम्पोत बसून पासलीला उतरलो. गावात कुणी नाही, सगळी माणसं खाचरांत वाकलेली. दाजींचं दार उघडं होतं. ते खाटेवर आक्काजवळ बसून तिला चमच्यानं पेज पाजत होते. निम्मी पेज तिच्या हनुवटीखालच्या फडक्यावर होती. आक्काची मान हलत होती, आणि गोधडीवर ठेवलेले तिचे दोन्ही हात चुलीवरच्या भांड्याच्या झाकणासारखे सारखे थडथडत होते.

दाजींनी मला पाहिलं. त्यांचा तो स्टँडभर जाणारा आवाज आता खाटेच्या पलीकडं जात नव्हता. “पाव्हणं आलं,” ते तिला म्हणाले, “फलाट एक.”

मी पिशवी हातात धरून उभाच. विचारलं, “हे कधीपासून?”

“चार वर्सं व्हतील. कंपवात म्हनत्यात. पुन्याच्या डाक्टरला दावलं, गोळ्या हायत. गोळ्यांनी काय, येळ लांबती.”

“आणि मला सांगितलं नाही?”

“तिनं शपथ घातली व्हती. माहेरी कळवायचं न्हाई. भाऊबीजेला ताट हातात ऱ्हाईना. निरांजन पडलं, तर बाळूच्या जिवाला लई लागंल म्हनली.” बाळू म्हणजे मी. दाजींनी तिचे ओठ पुसले. “म्या कंट्रोलर. गाडी सुटली एवढं वरडून सांगायचं. आत कोन बसलंय ते सांगायचं न्हाई.”

एरवी सकाळी आक्काजवळ बसणारी शेजारची बाई आवणीमुळं शेतात गेली होती. आक्काला एकटी सोडली तर ती खाटेवरून पडते. एकदा पडली होती. म्हणून दाजींना टेकाड चढता येत नव्हतं. फोटो न यायचं कारण एवढंच. मोबाईल ठणठणीत होता.

“पन फांदी धरायची तिनं सोडली न्हाई,” दाजी सांगू लागले. “हात थरथराया लागला, म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे, कापडाचा चिमटा लावतो. तर म्हनायची, बाळू रोज बघतो. सांगायचं न्हाई, पन दिसला तर दिसू दे.”

टेकाडावर फोटो सोडला की दाजी खडकावर पाव घंटा थांबायचे, पावसात छत्री धरून. जे जे येईल ते पाठ करायचे आणि खाली येऊन तिला सांगायचे. ती पहिलं माझंच विचारायची. “म्या सांगायचो, आला बाळूचा अंगठा. मग च्या प्यायची.”

मी माझा मोबाईल काढला. ग्रुप उघडला आणि मागं मागं जात राहिलो. एकही फोटो उतरलेला नव्हता. नुसते धुरकट चौकोन, मधोमध खाली जाणारा बाण, आणि प्रत्येकाखाली माझा अंगठा. बाण दाबला तर काही होईना. तिथं रेंज नव्हती, आणि असती तरी जुने फोटो आता मिळाले नसते.

दाजींनी फळीवरून आपला जुना मोबाईल काढून माझ्या हातात दिला. तो त्यांनी चार्ज करून ठेवला होता. मी ओसरीवर बसून पहिल्यापासून पाहिलं. सुरुवातीला हात भरलेला, मनगटाला दाटून बसलेल्या हिरव्या बांगड्या, करंगळीखाली विळा लागल्याची लहानपणची खूण. मग बांगड्या सैल झाल्या. मग त्या खाली घसरू नयेत म्हणून दोऱ्यानं बांधलेल्या. मग हात हलायला लागला आणि त्याच्याबरोबर फूलही. पुढं पुढं फूल कुठलं, बांगडी कुठली, ते कळेना. मग दाजींचा नवीन मोबाईल मागून घेतला, त्यावरही पहिले फोटो तसेच होते. त्यानंतर एका दिवशी हात नव्हता. फांदीला प्लास्टिकचा हिरवा चिमटा लावलेला, दुसरं टोक काठीला. तिथून पुढं सगळे फोटो लख्ख.

मी वॉरंटीचं कार्ड पिशवीतून बाहेर काढलंच नाही.

रात्री मी राहिलो. सकाळी दाजींनी मला उठवलं. “चला पाव्हणं, गाडीची येळ झाली.” घरामागच्या कुंपणावर कळलावीचा वेल चढला होता. एक फूल उघडलं होतं, पिवळ्यावर लाल, वाऱ्यानं झोकांड्या खात होतं. खिडकीतून आक्काची खाट दिसत होती. मी चिमटा शोधायला लागलो.

“चिमटा ऱ्हाऊ द्या. तुमी धरा.”

मी देठ धरला. दाजींनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, खाली घेतला, परत वर नेला.

“हालतंय, पाव्हणं.”

“वारा आहे,” मी म्हणालो.

“व्हय,” ते म्हणाले, आणि त्यांनी फोटो काढला.

मग मी आक्काजवळ बसलो आणि दाजी छत्री घेऊन टेकाडावर गेले. करंज्यांच्या डब्याबद्दल काहीतरी बोललो. तिचा हात माझ्या हातात घेतला, पण तो थांबत नव्हता. मी जरा घट्ट धरला, तरी थांबला नाही. मग सैल सोडला. तिच्या हनुवटीखालचं फडकं बदललं, आणि तेही मला नीट जमलं नाही.

दाजी परत आले, तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. छत्री दारात उपडी ठेवून ते खाटेजवळ बसले.

“सोडली,” ते म्हणाले. “नऊ अंगठं. शिवऱ्याचा अण्णा म्हनतोय, नवा मोबाईलबी बिघडला का काय, फोटो लई हाललाय.”

आक्काचे ओठ हलले. मी वाकून कान लावला, तरी मला कळलं नाही. दाजींना कळलं.

“बाळूचा?” ते तिला म्हणाले. “न्हाई आला आज. त्यो हितं हाय.”

आक्काची मान हलली. हो म्हणाली, की नुसतीच हलली, ते मला समजलं नाही.